नॉर्वेतली हरवलेली मावशी

‘मावशी’ म्हणजे संस्कृतातली ‘मातृष्वसा’, आईची बहीण, प्राकृतातून झिजत झिजत आपल्यापर्यंत आलेली. नॉर्वेतही अशीच एक झिजलेली मावशी होती. तिथे आई म्हणजे ‘मूर’, बहीण म्हणजे ‘सोस्टर’. दोन्ही एकमेकांत मुरून झाली ‘मूस्टर’. मातृ आणि मूर, स्वसृ आणि सोस्टर हे शब्द मुळात एकाच घरातले. म्हणजे ही मूस्टर आपल्या मावशीची लांबची का होईना, बहीणच. वडिलांच्या बहिणीला, आपल्या आत्याला, ‘फास्टर’.

शेजारच्या स्वीडनमध्ये हे शब्द आजही रोजच्या तोंडी आहेत. नॉर्वेत मात्र, काही बोली सोडल्या तर, सगळ्यांवर एकच झूल पडली: ‘टान्टे’. मावशी टान्टे, आत्या टान्टे, काकू-मामीही टान्टेच. पुरुषांसाठी ‘ओंकेल’. दोन्ही शब्द फ्रेंचचे, जर्मनमार्गे आलेले, आणि त्यांच्याही मागे लॅटिन. तिथे खरी गंमत आहे. लॅटिन ‘अमिता’ म्हणजे फक्त आत्या आणि ‘अव्हुंक्युलुस’ म्हणजे फक्त मामा. म्हणजे नॉर्वेजियन मूल मावशीला आत्या म्हणतं आणि काकाला मामा! सोसायटीतल्या प्रत्येकाला अंकल-आंटी करून टाकणाऱ्या आपण त्यांना हसू नये. ते दोन्ही शब्दही याच लॅटिन जोडीचे.

इब्सेनच्या १८९० सालच्या ‘हेडा गाब्लर’ नाटकात टान्टे हा शब्द चांगलाच बोचतो. हेडाचा नवरा यर्गेन टेसमन याला लहानाचं मोठं केलं ते टान्टे युलेने. ती त्याच्या वडिलांची बहीण, पण शब्दावरून ते कळायला मार्ग नाही. नव्या सुनेने तिच्याशी ‘डू’ म्हणून, म्हणजे अगं-तुगं करत, बोलावं एवढीच त्याची इच्छा. हेडा साफ नकार देते. फार तर टान्टे म्हणायचा प्रयत्न करीन, म्हणते. आपलेपणा ‘डू’मध्ये होता, टान्टे ही नुसती तडजोड.

मावशी हरवणाऱ्या या भाषेने आज्या मात्र जपून ठेवल्या. आईची आई ‘मूरमूर’, वडिलांची आई ‘फारमूर’. दोघींना मिळून चालणारा ‘बेस्टेमूर’ हा शब्दही आहे. अक्षरशः ‘सर्वोत्तम आई’. सख्ख्या आईने यावर काय म्हणावं, ते ज्याच्या त्याच्या घरावर. आपलं नेमकं उलट: काका, मामा, मावशी, आत्या अशी चोख वाटणी, पण आजी दोन्हीकडे आजीच.

बालसाहित्यिका आन्ने-काट. व्हेस्टली यांची मूरमूर नॉर्वेतल्या पोरांना पाठ आहे. १९५७ पासूनच्या त्या पुस्तकांत, सुरुवातीला ऑस्लोतल्या छोट्याशा घरात, आठ भावंडं, आईबाप, आणि त्यांच्यात येऊन मिसळलेली ही म्हातारी. ती सासू नवऱ्याची की बायकोची, हे तिथे पहिल्याच शब्दात कळतं. मराठीत नुसतं ‘आजी’ लिहिलं, तर ते सांगायला आणखी एक वाक्य खर्चावं लागेल.