शाळेच्या भिंतीवर अहिंसा

पुण्यात आमच्या घराजवळ एक शाळा आहे. तिथल्या मुलांनी अंगणाच्या भिंतीवर मोठे चित्र काढायचे ठरविले. विषय अहिंसा. मी निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून मलाही मदतीला बोलावले.

भिंतीवरचे चित्र आपल्याला नवे नाही. लग्नघरी दाराशेजारी गणपती आणि हत्ती काढतात. देवळाच्या भिंतीवर रामायण असते. वाचता येत नाही त्यालाही ते कळते.

पण मुलांचे पहिल्याच दिवशी अडले. मारामारी काढणे सोपे. एकाच्या हातात काठी, दुसऱ्याचे डोके फुटलेले, झाले चित्र! न मारणे कसे काढायचे? मुलांनी कागदावर कबुतरे काढली. डोळे मिटून बसलेले गांधीजी काढले. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, हे तर नुसते बसलेत. यात अहिंसा कुठाय?"

पोरीचे खरे होते. अहिंसा म्हणजे गप्प बसणे नव्हे. अन्याय मुकाट्याने सोसणे तर नव्हेच. आपले काम सोडायचे नाही, आणि समोरच्यावर हातही उचलायचा नाही, ही अहिंसा. नंदलाल बोस हे मोठे चित्रकार. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी गांधीजींचे चित्र केले. त्यात गांधीजी बसलेले नाहीत. हाती काठी घेऊन ते चालले आहेत.

मग मी मुलांना पुण्यातलीच गोष्ट सांगितली. १८४८ साली जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवायला जात. मुलींनी शिकणे लोकांना रुचत नव्हते. वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल, खडे टाकीत. सावित्रीबाई जवळ दुसरे लुगडे ठेवीत. शाळेत पोचले की भरलेले बदलायचे आणि शिकवायला उभे राहायचे. त्यांनी उलट खडा मारला नाही, अन् शाळाही बंद केली नाही.

"हेच काढू," मुले म्हणाली. सावित्रीबाई काढून झाल्या. आता शेण टाकणारी माणसे. एका मुलाने त्यांना राक्षसाचे सुळे आणि शिंगे काढली. तीच मुलगी पुन्हा म्हणाली, "आपण त्यांना राक्षस केलं, म्हणजे आपणपण त्यांच्यावर शेणच टाकलं की!" बराच वाद झाला.

मला १९३४ सालची गोष्ट आठवली. त्या वर्षी २५ जून रोजी गांधीजी पुण्यात आले होते. नगरपालिका त्यांचा सत्कार करणार होती. तिकडे जाताना वाटेत एका मोटारीवर बॉम्ब पडला. गांधीजी दुसऱ्या मोटारीत होते, म्हणून वाचले. बरीच माणसे जखमी झाली. बॉम्ब टाकणारा कोण, ते ठाऊक नव्हते. गांधीजींनी म्हटले की, मला त्या माणसाची कीव येते. हे ऐकून मुलांनी शिंगे पुसली. शेण टाकणाऱ्यांना तुमच्याआमच्यासारखे चेहरे दिले.

तेवढ्यात एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही माझ्या बाबांना छडीनं मारलं होतं. ते सांगतात."

सारी पोरे माझ्याकडे बघू लागली. मारले होते. गृहपाठ आणला नाही म्हणून. छडीवाचून विद्या येत नाही, असे तेव्हा सगळे म्हणत, मीही म्हणे. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी आहे. पण कायदा नव्हता, म्हणून माझी छडी बरोबर होती असे थोडेच? मी त्याला म्हटले, "चूक माझी होती. बाबांना तसं सांग."

पुढच्या रविवारी त्याचे वडील आले. ते गवंडीकाम करतात. छडीची गोष्ट त्यांनी काढली नाही, मीही काढली नाही. ते कामाला लागले. आधी भिंतीचे पोपडे खरवडले. भेगा बुजविल्या. मग चुन्याचे दोन हात दिले आणि भिंत वाळू दिली.

चित्र मोठे कसे करायचे, तेही त्यांनी दाखविले. छोट्या कागदावर पट्टीने चौकोन आखले. भिंतीवर तेवढेच चौकोन, पण मोठे. त्यासाठी दोरी गेरूत भिजवली. दोन मुलांनी ती ताणून धरली, तिसऱ्याने मधे ओढून सोडली. फट्! सरळ लाल रेघ उमटली. मग कागदावरच्या एकेका चौकोनात जे होते, ते भिंतीवरच्या त्या त्या चौकोनात काढले.

रंग साधेच. लाल गेरू, पांढरा चुना, काळी काजळी, निळी नीळ. त्यात डिंकाचे पाणी घातले म्हणजे रंग हाताला लागत नाही. पिवळ्यासाठी मुलांनी चुन्यात हळद कालवली, ती लाल झाली! घरातल्या बायकांना विचारले असते तर आधीच कळले असते. पिवडी आणावी.

गावात मिळेल त्यावर मोठे काम होते. १९३६ साली खानदेशात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्याची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्याच वस्तू वापरून केली होती.

एक मात्र सांगतो. पावसाची झड लागते ती भिंत घेऊ नका. आमच्या चित्राची खालची वीतभर पट्टी पहिल्याच पावसात गेली. दिवाळीची सुट्टी संपल्यावर मुलांनी ती पुन्हा रंगविली. चुना त्याच गवंड्यांनी भिजवून दिला.