मुरमाची खाण बंद करताना : खड्डा ठेवायचा की तळे करायचे?



दोन वर्षांपूर्वी ऊस नोंदीच्या पाहणीला गेलो असता एका शिवारात गर्दी दिसली. रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढून सोडून दिलेल्या खड्ड्यात म्हैस पडली होती. काठ उभे, पाणी दोन परस खोल. तिला काढायला उतरलेला पोरगा वर येईना. जाड दोर टाकून त्याला ओढले; म्हैस गेली. खड्डा बुजवावा असे सारे म्हणाले. बुजवायला माती आणणार कुठून? ती आणायची म्हणजे दुसरा खड्डा! त्यापेक्षा पोकलेन जागेवर असतानाच त्या खड्ड्याला आकार दिला असता, तर तेच पाणी गावाच्या कामी आले असते.

आधी एक गैरसमज दूर करू. “एवढे पाणी आहे, मोटार टाकू आणि ऊस भिजवू,” असे पुष्कळांना वाटते. हिशेब करा. एक एकराचा, सरासरी 3 मीटर खोल खड्डा पूर्ण भरला तर सुमारे 12,000 घनमीटर, म्हणजे 1 कोटी 20 लाख लिटर पाणी होते. पाटपाण्याने सुरू उसाला हेक्टरी 250 हेक्टर-सेंटीमीटर, म्हणजे 25,000 घनमीटर लागते. भरलेला खड्डाही अर्धा हेक्टर ऊस काढत नाही! शिवाय एप्रिल-मे महिन्यांत अर्धा मीटर तरी पाणी उन्हानेच उडते. तेव्हा हे पाणी उपसण्यासाठी नाही. ते मुरवून विहिरींना द्यायचे, गुरांना पाजायचे आणि शेतातून येणारा गाळ अडवायला वापरायचे.

जमीन कोणती, हे प्रथम पाहावे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा आणि भरड वाळूचा पट्टा आहे. तिथे पाणी झपाट्याने मुरते. खाली तापीकडे गाळाची जमीन आहे, तिच्यात चिकण मातीचे थर पाणी अडवतात. शेजारच्या शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल केले, ते हे थर ओळखूनच.

आता रचना पाहू.

1) दोन भाग करावेत. पाणी येते त्या तोंडाशी उथळ दलदलीचा भाग ठेवावा, त्यामागे खोल तळे. गाळ पहिल्या भागातच बसतो. तसे न केल्यास तो तळ्याच्या तळाशी बसून मुरण्याची वाट बुजवतो; मग तळे दिसते भरलेले, पण विहिरीला पाझर नाही. उथळ भागातील गाळ दर उन्हाळ्यात काढून शेतात टाकता येतो.

2) काठ उभा ठेवू नये. एक मीटर खोलीला तीन ते चार मीटर उतार द्यावा. काठालगत पाण्याखाली गुडघाभर खोलीची दोन-तीन मीटर रुंद पायरी ठेवावी. घसरलेल्या पोराला नि गुराला उभे राहायला तीच जागा. एका बाजूला गुरांसाठी दगड बसवलेला उतार करावा.

3) वरची काळी माती सुरुवातीलाच वेगळी रचून ठेवावी. उथळ भागात व पायरीवर ती पसरावी. पाणी धरते, गवत उगवते. खोल भागाचा मुरूम मात्र उघडा ठेवावा.

4) सांडवा पक्का करावा, आणि खड्डा नदी-नाल्याच्या काठाला भिडवू नये. पुरात मधला बांध फुटला तर नदी खड्ड्यात शिरून शेत घेऊन जाते.

5) उथळ कोपऱ्यात पाणकणीस चालेल, पण आवरून ठेवावे. काठावर वाळा, करंज, उंबर लावावेत. बेशरम आणि जलपर्णी दिसताच उपटावी.

एखाद्या कामात गावची जुनी पाणथळ जागा बुजली असेल, तर तिच्या बदल्यात हा उथळ भाग मोठा ठेवावा. नुसते खोल पाणी तिची जागा घेत नाही. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पाहा. बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणी आणि बेटे झाली, तेथे पक्षी जमले. 2020 साली ते राज्यातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. इंग्लंडात केंट परगण्यातील सेव्हनोक्स येथे वाळू-खडीच्या खाणीत 1956 पासून डॉ. जेफरी हॅरिसन यांनी उथळ काठ, बेटे आणि झाडे करून पाणपक्ष्यांसाठी जागा घडवली. ती खाणच होती, आपल्यासारखीच!

एक कडक सूचना. अशा खड्ड्यात कचरा, औषधांचे डबे, कसलेही सांडपाणी टाकू नये. मुरमात गाळणी होत नाही. आज टाकलेले विष उद्या आपल्याच विहिरीत येते.

शेवटचे, पण मोलाचे. गौण खनिजाच्या परवान्याची गोष्ट ग्रामपंचायतीपुढे येते तेव्हाच उतार, पायरी, काळी माती आणि सांडवा या चार अटी लेखी ठरावात घालाव्यात. यंत्र गेले की कोणी परत येत नाही. शिवारात जुना खड्डा असल्यास गट कार्यालयात कळवावे. पावसाळ्याआधी एकत्र पाहणी करू.

– ऊस विकास अधिकारी