आज्ञा आणि विनंती : इंग्रजी वाक्यांतील सौजन्य

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. वर्गात मुलांच्या कानी प्रथम पडतात ती आज्ञार्थी वाक्येच : 'सिट डाऊन', 'ओपन युअर बुक', 'डोन्ट टॉक'. त्यांची रचना सोपी आहे. कर्ता 'यू' अध्याहृत असतो, क्रियापद मूळ रूपात येते आणि निषेधासाठी आरंभी 'डोन्ट' ठेवतात. परंतु एवढ्यावरच पाठ संपला, तर मुलाच्या हाती केवळ हुकमाची भाषा येते.

मराठीत आदर क्रियापदातच सामावलेला असतो. 'बस', 'बसा', 'बसावे' या रूपांवरूनच ऐकणाऱ्याचा मान कळतो. इंग्रजीत समोर बालक असो वा वृद्ध, 'सिट' हे रूप बदलत नाही. म्हणून शेजारी जाऊन 'काकू, पाणी द्या' असे नम्रपणे म्हणणारे मूल जेव्हा 'गिव्ह मी वॉटर' असे शब्दशः भाषांतर करते, तेव्हा त्याचा विनय वाटेतच गळून पडतो आणि ते विनाकारण उद्धट ठरते.

हा विनय इंग्रजीत वाक्यरचनेतून आणावा लागतो. 'प्लीज' जोडणे ही पहिली पायरी. 'विल यू गिव्ह मी सम वॉटर?' असा प्रश्न ही दुसरी. 'कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?' ही त्याहून सौम्य. 'कुड' हे रूप भूतकाळी असले, तरी येथे ते काळ दाखवीत नाही. मागणीची धार कमी करते. मुलांना हे परके वाटू नये. दुकानात गिऱ्हाईक 'एक वही हवी होती' असे म्हणते, तेव्हा वही त्याला त्याच क्षणी हवी असते. हेच उदाहरण प्रथम द्यावे.

मात्र प्रत्येक आज्ञार्थ उद्धट नसतो. तुळजापुरास भवानीच्या दर्शनासाठी कर्नाटक, तेलंगणातूनही भाविक येतात. अशा एखाद्या पाहुण्यास वाट सांगताना 'गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट' हेच योग्य; कारण त्यात हित ऐकणाऱ्याचे आहे. 'प्लीज कम इन' या आमंत्रणाचेही तसेच. स्वतःसाठी काही मागताना मात्र प्रश्नरूप वापरावे, हा भेद मुलांस स्पष्ट करावा.

शिक्षकांनी खडू मागतानाही 'कुड यू ब्रिंग द चॉक, प्लीज?' असे म्हणावे आणि तो मिळताच 'थँक यू' म्हणण्यास विसरू नये. रोज कानी पडणारे वाक्यच मुलांच्या तोंडी बसते.