‘ऊन लागणे’ : सायकलस्वारांच्या समूहातील आजार आणि त्याची भाषा

आजाराचे ज्ञान दोन मार्गांनी होते. त्याची काही चिन्हे पाहणाऱ्यास दिसतात, आणि काही केवळ आजारी मनुष्याच्या सांगण्यावरून कळतात. ताप मोजता येतो. मळमळ मोजता येत नाही, ती सांगावी लागते. बहुतेक आजारांत सांगणारा आणि ऐकणारा या दोघांनाही पुरेसा अवधी असतो. परंतु भर उन्हात दूरच्या पल्ल्यावर निघालेल्या सायकलस्वारांच्या समूहात कोणी आजारी पडल्यास हा अवधी फार थोडा असतो. शिवाय ज्या इंद्रियाच्या आधारे मनुष्य आपली अवस्था सांगतो तो मेंदूच या आजारात प्रथम बिघडू लागतो. म्हणून हा विषय वैद्यकाचा असला तरी भाषेच्या अभ्यासकासही तो परका नाही. उन्हाने होणाऱ्या आजाराचे स्वरूप काय, मराठी भाषा तो कोणत्या शब्दांनी व कोणत्या प्रयोगांनी सांगते, आणि ते सांगणे समूहात ऐकले का जात नाही, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. आजाराचे स्वरूप

सायकल चालविताना स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी चौथा हिस्सा, किंबहुना त्याहूनही कमी, प्रत्यक्ष गतीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. वेगाने जाणारा कसलेला स्वार चाकाला २०० वॅट शक्ती देत असेल, तर त्याच वेळी त्याच्या देहात निदान ६०० वॅट उष्णता निर्माण होत असते. ही उष्णता बाहेर पडलीच नाही असे क्षणभर गृहीत धरल्यास, ७० किलो वजनाच्या मनुष्याचे तापमान सुमारे सात मिनिटांत एक अंशाने चढेल. तसे होत नाही, याचे श्रेय मुख्यतः घामाला आहे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २४ लक्ष जूल उष्णता देहाबाहेर जाते. म्हणजे वरील स्वाराला ताशी जवळजवळ एक लिटर घामाची वाफ व्हावी लागते. येथे ‘वाफ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अंगावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम देहातील पाणी नेतो, उष्णता नेत नाही.

सायकलस्वाराला एक लाभ असा की, तो स्वतःच्या वेगाने स्वतःसाठी वारा निर्माण करतो. चढावर वेग मंदावला की हा वारा थांबतो आणि श्रम मात्र वाढतात. समूहात दुसऱ्याच्या पाठीमागे राहणाऱ्याचे श्रम वाचतात, परंतु त्याच्या अंगावर वाराही कमी येतो. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, अधिक झाले की वारा उष्णता नेण्याऐवजी आणूनच देतो. मग घामावाचून दुसरा आधार उरत नाही. हवा दमट असेल तर तोही दुर्बळ होतो. १९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन धावताना कोसळून मरण पावलेल्या फ्रान्सिश्कु लाझारू या पोर्तुगीज धावपटूने उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून अंगाला मेणासारखा लेप लावला होता, असे सांगितले जाते. घामाची वाट बंद झाल्यास काय होते याचे ते उदाहरण म्हणून दिले जाते.

या क्रियेत बिघाड होऊ लागला की काही अवस्था दिसतात. पायांत गोळे येतात. थकवा, डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे उमटतात. येथपर्यंत विश्रांती, सावली व पाणी यांनी मनुष्य सावरतो. परंतु देहाच्या अंतर्भागाचे तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन बोलण्यात व वागण्यात विसंगती आली, की तो उष्माघात होय. तेथे प्राणाशी गाठ असते. त्वचा कोरडी पडली तरच उष्माघात समजावा, ही समजूत श्रमजन्य उष्माघाताच्या बाबतीत खरी नाही. अशा रोग्याला घाम चालू असू शकतो. उलट, घाबरून मर्यादेबाहेर साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घटूनही मळमळ, डोकेदुखी आणि भ्रम ही लक्षणे उद्भवतात. म्हणून केवळ ‘पाणी पाज’ हा सर्व प्रसंगांवरचा उपाय ठरत नाही.

२. शब्द आणि प्रयोग

या आजारासाठी मराठीत दोन नावे रूढ आहेत : ‘ऊन लागणे’ आणि ‘उष्माघात’. दोन्ही शब्दांचे मूळ ‘उष्’, म्हणजे जळणे, या एकाच संस्कृत धातूत आहे. ‘उष्ण’ या शब्दापासून प्राकृतातील ‘उण्ह’ या रूपाच्या द्वारे ‘ऊन’ हा तद्भव शब्द आला. ‘उष्मा’ हा तत्सम राहिला. पहिले नाव घरातले, दुसरे रुग्णालयातले व वृत्तपत्रातले. दुसऱ्यातील ‘आघात’ हा इंग्रजी ‘स्ट्रोक’ या शब्दाचा प्रतिध्वनी आहे.

‘लागणे’ या क्रियापदाचा विस्तार लक्षात घेण्याजोगा आहे. ठेच लागते, आग लागते, नजर लागते, भूक लागते, तहान लागते, गाडी लागते. या सर्वांत काहीतरी मनुष्याला येऊन भिडते. मनुष्य ते करीत नाही. ‘ऊन लागले’ या शब्दप्रयोगातही कारण बाहेरचे, आकाशातले, असे सूचित होते. सामान्य व्यवहारात ते पुरेसे आहे. परंतु श्रमजन्य उष्माघातातील बरीचशी उष्णता आतून, स्नायूंतून, येत असते. ढगाळ दिवशी किंवा झाडांच्या सावलीतून जाणाऱ्या रस्त्यावरही तो होऊ शकतो. अशा दिवशी ‘ऊन कुठे आहे, ऊन लागायला?’ असा प्रश्न केला जातो, आणि शब्दाचा अर्थ निदानाच्या आड येतो. ‘उष्माघात’ या शब्दाची अडचण निराळी आहे. ‘आघात’ म्हटले की एका क्षणी बसणारा तडाखा डोळ्यांपुढे येतो. पण पडण्यापूर्वी घटकाभर तरी हा आजार हळूहळू वाढत असतो.

लक्षणे सांगणाऱ्या वाक्यांचे प्रयोग पाहावेत. ‘मला चक्कर येते’, ‘मला घेरी आली’, ‘माझ्या पायांत गोळे आले’, ‘तोंडाला कोरड पडली’, ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’. यांत व्याकरणदृष्ट्या कर्ता चक्कर, घेरी, गोळा, कोरड वा अंधारी हा आहे; मनुष्य हा अनुभव घेणारा म्हणून चतुर्थीत किंवा अन्य विभक्तीत आहे. ‘मला मळमळते’ या वाक्यात तर स्वतंत्र कर्ता सापडतच नाही. मराठी व्याकरणांत ‘मळमळणे’ हे क्रियापद ‘उजाडणे’, ‘सांजावणे’ यांच्यासह भावकर्तृक म्हणून गणले जाते. पहाट होते तशी मळमळ होते. ती कोणी करीत नाही. याच्या विरुद्ध ‘मी थकलो’, ‘मी दमलो’ या वाक्यांत मनुष्य स्वतः प्रथमेत, कर्त्याच्या जागी, उभा असतो.

असा भेद अन्य भाषांतही आढळतो. जर्मन मनुष्य ‘मीर इस्ट श्विंडलिश’ असे म्हणतो. त्यात ‘मीर’ म्हणजे ‘मला’. डॅनिश भाषेत मात्र ‘याय एर स्विमल’, म्हणजे शब्दशः ‘मी चक्कर आलेला आहे’, अशी प्रथमेतली रचना आहे. यावरून जर्मन किंवा मराठी माणूस आजाराकडे अधिक अलिप्तपणे पाहतो, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. विभक्ती ही भाषेची रूढी आहे, स्वभावाचे लक्षण नव्हे. मात्र एकाच भाषेत दोन पर्याय उपलब्ध असतात, तेव्हा त्यांतील निवडीला अर्थ प्राप्त होतो. समूहातील मराठी स्वार ‘मला चक्कर येते’ असे म्हणण्याऐवजी ‘जरा दमलो’ असे म्हणतो, तेव्हा तो आजाराची भाषा टाळून श्रमाची भाषा स्वीकारतो. श्रम सर्वांनाच झालेले असतात. त्यामुळे ऐकणाऱ्यांना त्यात वेगळे असे काहीच ऐकू येत नाही.

३. समूहातील सांगणे आणि ऐकणे

रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत २६ ऑगस्ट १९६० रोजी १०० किलोमीटरची सांघिक सायकल शर्यत झाली. उष्मा सुमारे ४० अंशांचा होता. प्रत्येक संघात चार स्वार असत आणि तिसऱ्या स्वाराची वेळ संघाची वेळ म्हणून धरली जाई. डेन्मार्कच्या संघातील एक जण उन्हाच्या त्रासाने पहिल्या फेरीनंतर बाहेर पडला. त्यामुळे उरलेल्या तिघांपैकी एकही गळाला असता, तर संघच बाद झाला असता. पुढे त्यांतील २३ वर्षांच्या क्नुद एनेमार्क येन्सनला चक्कर येऊ लागली. एका सोबत्याने त्याला कपड्याला धरून सावरले, दुसऱ्याने त्याच्या अंगावर पाणी मारले. त्याला बरे वाटत आहे असे दिसल्यावर पकड सोडण्यात आली, आणि तो रस्त्यावर कोसळून त्याच्या कवटीला इजा झाली. त्याला ज्या तंबूत नेण्यात आले तो स्वतःच तापलेला होता. त्याच दिवशी दुपारी तो मरण पावला.

या घटनेत सांगणे घडले होते, ऐकणेही घडले होते. सोबती निष्ठुर नव्हते. त्यांनी धावत्या सायकलीवरून शक्य ती मदत केली. उणीव होती ती त्या शब्दांतून ‘थांबा’ हा अर्थ निघण्याची. इंग्लिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत उक्ती ही कृतीही असते, असा विचार मांडला. ‘मला चक्कर येते’ हे वृत्त आहे, परंतु ते विनंतीही आहे. ती विनंती कोणती, पाण्याची, आधाराची की थांबण्याची, हे मात्र वाक्यात सांगितलेले नसते. ते ऐकणारा ठरवितो. ज्या संघाला तिघांनी पोहोचणे भाग आहे, तो त्या वाक्यातून पाण्याची आणि आधाराची विनंती ऐकतो.

येन्सनच्या मृत्यूला पुढे नाव कोणते द्यावे हाही वादाचा विषय झाला. खेळाडूंना औषध दिल्याच्या वार्तेमुळे हा मृत्यू उत्तेजक द्रव्यांचा बळी म्हणून जगभर गाजला, आणि १९६७ साली मोंट व्हांतू पर्वताच्या चढावर टॉम सिम्पसन या ब्रिटिश स्वाराचा मृत्यू झाल्यावर ही दोन नावे जोडीने घेतली जाऊ लागली. सिम्पसनच्या देहात उत्तेजक द्रव्य आढळले होते. येन्सनच्या बाबतीत इटलीतील शवविच्छेदनाचा निष्कर्ष उष्माघाताचा होता. द्रव्यांच्या तपासणीचे नियम त्यानंतर झाले, ते आवश्यकच होते. परंतु एका मृत्यूला दिलेल्या नावामुळे त्यातील उन्हाचा भाग बराच काळ मागे पडला.

स्पर्धा नसलेल्या मित्रमंडळींच्या फेरीतही हाच प्रकार सौम्य रूपाने दिसतो. अस्वस्थ झालेला स्वार ‘मला थांबायचे आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो ‘आपण थोडं थांबू या का?’ किंवा ‘पुढे चहाची टपरी आहे का?’ असे विचारतो. पहिल्या वाक्यात ‘आपण’ या समावेशक सर्वनामाने त्याची स्वतःची गरज सर्वांची म्हणून मांडली जाते. दुसऱ्यात ती नाहीशीच होते. त्याला उत्तर मिळते, ‘अरे, चल, आता थोडंच राहिलं.’ वयाने लहान असलेला स्वार ‘दादा’ म्हणून ज्याच्या मागे चालला आहे, त्याच्याशी बोलताना हा आडपडदा अधिकच दाट होतो. विमानांच्या चालकवर्गातील संभाषणांचा शार्लट लिंडे हिने १९८८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे स्मरणीय आहे. हाताखालचे वैमानिक वरिष्ठांशी बोलताना सूचना सौम्य करून मांडतात आणि अशा सौम्य सूचना अधिक वेळा वाया जातात, असे तिला आढळले. सभ्यता हा भाषेचा गुण आहे. परंतु तिची किंमत कोणत्या प्रसंगी किती पडते, याचेही भान असावयास हवे.

आजार आणखी वाढल्यावर भाषेचा हा प्रश्न पालटतो. मेंदू तापला की मनुष्य आपली अवस्था ओळखू शकत नाही. ‘मी ठीक आहे’ हे त्याचे उत्तर प्रामाणिक असते, पण विश्वासार्ह नसते. त्यातही ‘बरा आहेस ना?’ असे विचारणे म्हणजे होकार त्याच्या तोंडी घालणेच होय. ‘ना’ हा अव्यय उत्तर आधीच सुचवितो, आणि ‘हो’ म्हणण्यास फारशी शुद्धी लागत नाही. त्याऐवजी ज्याचे उत्तर रचावे लागते असा प्रश्न विचारावा : ‘आता कोणतं गाव गेलं?’, ‘शेवटचं पाणी कुठं प्यालास?’ उत्तराला होणारा विलंब, अडखळणारा उच्चार, अकारण चिडचिड, तुटलेले वाक्य ही सर्व येथे लक्षणे ठरतात. उत्तरात काय सांगितले याइतकेच ते कसे सांगितले यालाही महत्त्व येते.

असा संशय आल्यावर पुढचे कर्तव्य वैद्यकशास्त्राने निश्चित केलेले आहे. स्वाराला तत्काळ सायकलीवरून उतरवून सावलीत न्यावे, जास्तीचे कपडे काढावेत, आणि रुग्णवाहिका बोलावून ती येईपर्यंत देह थंड करीत राहावे. आधी थंड करणे, मग हलविणे, हा क्रम मानला जातो. थंड पाण्यात मानेपर्यंत बुडविणे हा सर्वोत्तम उपाय. ते शक्य नसेल तर सतत पाणी ओतून वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर वाचण्याची आशा पुष्कळच वाढते.

निघण्यापूर्वी समूहाने आणखी एक गोष्ट ठरविणे इष्ट आहे. ‘थांबतो’ हा एक शब्द कोणीही, कोणत्याही वयाच्या स्वाराने, कारण न सांगता उच्चारावा आणि तो ऐकताच सर्वांनी थांबावे, असा संकेत असावा. या शब्दात कर्ता उघड आहे, विनंती नाही, सर्वनामाचा आडपडदा नाही, आणि ऐकणाऱ्याला अर्थ ठरविण्यास जागा नाही. ज्याला चक्कर येते आहे, त्याच्यापाशी याहून मोठे वाक्य रचण्याची शक्ती उरली असेल, असे गृहीत धरता येत नाही.