सायकलच्या वाटेवरची गावे

सायकलची शर्यत म्हटली की आपल्याला पहिला येणारा खेळाडू आठवतो. पण शर्यत रस्त्यावरून होते आणि रस्ता गावांतून जातो. फ्रान्समध्ये १९०३ साली एका वृत्तपत्राने 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू केली. ती सुमारे तीन आठवडे चालते. पाहणाऱ्यांना खेळाडूंबरोबर वाटेतले किल्ले, शेते आणि नद्याही दिसतात. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा सह्याद्रीचे घाट असेच जगापुढे आले.

आपल्याकडील मुंबई-पुणे सायकल शर्यत फार जुनी आहे. तिच्यात बोरघाटाची चढण सर्वांत कठीण असते. जो ती आधी चढतो, त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. याच डोंगरांच्या परिसरात उल्हास नदीचा उगम आहे. खेळाडू घाट चढून पुण्याकडे जातात आणि नदी डोंगर उतरून आपल्याकडे येते.

चला, आपण उल्हासनगरहून बदलापूरला सायकलने जाऊ. अंतर जेमतेम दहा-बारा किलोमीटर. शर्यतीतला खेळाडू ते पंधरा-वीस मिनिटांत संपवील. आपल्याला मात्र दिवस पुरणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उल्हासनगरच्या जागी लष्कराची छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित इथल्या बराकींत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला नदीवरून 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. उल्हास म्हणजे आनंद, खुशी. घरदार गमावलेल्या माणसांच्या गावाला हे नाव मिळाले आणि त्यांनी ते कष्टाने खरे केले. कापड, फर्निचर, पापड यांचे व्यापार उभे राहिले. आजही लोक पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असे म्हणतात. सकाळी दुकानांत दाल-पकवान मिळते. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात. ती उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचली जाते. एखादी जुनी पाटी दिसली, तर तिच्यातली बरीच अक्षरे तुम्हांला ओळखता येतील.

पुढे अंबरनाथ लागते. येथील शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातले आहे. त्यातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा काळ कोरलेला आहे. भिंतींवर देवदेवता, नर्तकी आणि हत्ती यांची बारीक शिल्पे आहेत. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. मंदिराजवळून वालधुनी नदी वाहते. पण वस्तीचे सांडपाणी व कारखान्यांचे पाणी मिसळून ती काळी पडली आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगड जपून घडवला. आपल्याला मात्र पाणी जपता आले नाही.

अंबरनाथ सोडताच उजव्या हाताला मलंगगड दिसतो. तेथे हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास उरूस भरतो. मुसलमान आणि हिंदू दोघेही शेकडो पायऱ्या चढून तेथे जातात. दर्ग्याच्या व्यवस्थेत एका हिंदू कुटुंबाचा पिढ्यान्‌पिढ्या सहभाग आहे.

शेवटी बदलापूर. पूर्वी प्रवासी येथे घोडे बदलत, म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. 'बदल' हा शब्द अरबीतून आला. तुम्ही 'बदलना' म्हणता, मराठी माणूस 'बदलणे' म्हणतो. येथील जांभळांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पावसाळ्यात मात्र उल्हास नदी रौद्र रूप धारण करते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. आपत्ती दल, नौदल आणि गावकरी यांच्या मदतीने एक हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर आले. प्रवासी कोणत्या गावचे, कोणत्या धर्माचे, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

शर्यतीत वेग महत्त्वाचा असतो. पण आपला मुलूख ओळखायचा असेल, तर सायकल थोडी हळू चालवावी आणि वाटेत भेटणाऱ्या माणसांशी चार शब्द बोलावे.

स्वाध्याय
१. उल्हासनगर हे नाव कशावरून पडले?
२. वालधुनी नदी काळी का पडली? ती स्वच्छ राहावी म्हणून काय करता येईल?
३. उर्दू व मराठीत सारखे असलेले पाच शब्द लिहा.