पिशवीकीटक पतंग

पिशवीकीटक हे लेपिडोप्टेरा (खवलेपंखी) गणाच्या सायकिडी कुलातील पतंग होत. या कुलातील बहुतेक जातींच्या माद्या उडू शकत नाहीत. अनेक जातींत त्यांना पंखच नसतात. भारतात आढळणारी युमेटा क्रॅमेरी (वेस्टवूड, १८५४) ही जाती बाभूळ, सुरू, चहा इत्यादी वनस्पतींवर जगते. हिंगोलीसह मराठवाड्यात बाभूळ बांधांवर व ओढ्याकाठी सर्वत्र असल्याने या पतंगांचा शोध तिच्यापासून सुरू करता येतो.

पिशवी

अंड्यातून बाहेर पडताच अळी रेशमी धाग्यांची पिशवी विणते व तिला बाहेरून काड्या आणि काटे उभे चिकटवते. त्यामुळे ती लहानशा मोळीसारखी दिसते. अळी वाढते तशी पिशवीही वाढवली जाते. चालताना व पाने खाताना अळी केवळ डोके व पुढचे पाय बाहेर काढते. खालच्या छिद्रातून विष्ठा बाहेर टाकते. वाढ पूर्ण झाल्यावर ती पिशवी फांदीला घट्ट बांधून आतच कोषावस्थेत जाते.

नर व मादी

नराला पंख व पिसासारख्या स्पर्शिका असतात. मादी अळीसारखीच दिसते आणि पिशवीतच राहते. तिने सोडलेल्या गंधद्रव्याच्या (फेरोमोन) मागावर नर येतो व लांबवता येणारे उदर पिशवीत घालून मीलन करतो. मादी पिशवीतच शेकडो अंडी घालून मरते. प्रौढ अवस्थेत दोघेही काही खात नाहीत. उडण्यासाठी लागणारी शक्ती वाचल्याने मादीला अन्नसाठा अंड्यांसाठी वापरता येतो. नवजात अळ्या मात्र रेशमी धाग्याला लोंबकळून वाऱ्याबरोबर इतरत्र पोहोचतात.

पालन व निरीक्षण

पिशवी ओढून काढल्यास आतील जीवाला इजा होऊ शकते, म्हणून तिच्यासह डहाळी कापून घ्यावी. डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी ठेवून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे, म्हणजे अळ्या पाण्यात पडत नाहीत. भोवती बारीक जाळीचा पिंजरा असावा. पाला त्याच जातीच्या झाडाचा व ताजा द्यावा.

नर बाहेर पडल्यावर कोषाचे रिकामे कवच पिशवीच्या खालच्या टोकातून डोकावते. मादीच्या बाबतीत अशी खूण दिसत नाही. त्यामुळे हालचाल थांबलेली पिशवी मृत समजून फेकू नये. तिच्यात मादी किंवा अंडी असू शकतात. मादी असलेली पिशवी जाळीत घालून बाहेर टांगल्यास परिसरातील नर तिच्याकडे येतात का, हे पाहता येते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) यांनी पिशवीकीटकांच्या सवयींचे वर्णन केले असून, मोठ्या मोरपतंगाच्या बंदिस्त मादीकडे नर कसे येतात याचेही प्रयोग केले होते.

परिसंस्थेतील स्थान

संख्या फार वाढल्यास अळ्या झाडाची पाने फस्त करतात. तथापि अनेक पिशव्यांतून पतंगाऐवजी परजीवी गांधीलमाश्या किंवा टॅकिनिड माश्या निघतात. गोळा केलेल्या पिशव्या जाळल्यास हे नैसर्गिक शत्रूही नष्ट होतात. म्हणून त्या अशा जाळीत ठेवतात, की लहान परजीवी बाहेर पडतील, पण पतंग अडकतील. दुसरीकडे, मादी जन्मस्थान सोडत नसल्याने एकाकी झाड तोडले गेले, तर त्यावरील संपूर्ण वसाहत एकाच वेळी संपू शकते.