स्पोकन ट्युटोरियल

स्पोकन ट्युटोरियल हा मुक्त सॉफ्टवेअरचे शिक्षण छोट्या दृक्श्राव्य पाठांद्वारे देणारा प्रकल्प आहे. मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई) रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली तो उभा राहिला. केंद्र सरकारने २००९ साली आरंभलेल्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला अर्थसाहाय्य मिळाले. 'टॉक टू अ टीचर' या उपक्रमाचा तो भाग आहे.

पार्श्वभूमी

नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने चित्रित करून ती सर्वांना खुली करण्याचे काम भारतात एनपीटीईएल या प्रकल्पाने २००३ पासून केले. आयआयटी मुंबईचेच दीपक फाटक यांचा संगणक प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक अभ्यासक्रमही पुढे एडएक्स या संकेतस्थळावर आला. या व्याख्यानांचा दर्जा वादातीत असला, तरी ती इंग्रजीत होती आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी होती. मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात आलेल्या आणि जवळ जाणकार शिक्षक नसलेल्या विद्यार्थ्याची गरज त्यांतून भागत नव्हती.

पाठाची रचना

या पाठांत शिक्षक दिसत नाही. दिसतो तो केवळ संगणकाचा पडदा, आणि ऐकू येते ते निवेदन. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडावे, पाठ थांबवत प्रत्येक कृती स्वतः करून पाहावी, अशी अपेक्षा असते.

चित्रणापूर्वी निवेदनाची संहिता लिहिली जाते आणि विषय नवखा असलेल्या व्यक्तीकडून ती तपासून घेतली जाते. तज्ज्ञाला जे सांगण्याची गरजही वाटत नाही, तेथेच नवशिका अडतो. म्हणून ही पायरी महत्त्वाची ठरते. चांगल्या शिक्षकाला वर्गातील चेहऱ्यांवरून जे उमगते, ते येथे संहितेच्या टप्प्यावरच शोधावे लागते.

लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, लाटेक्, पायथन इत्यादी विषयांवर पाठ उपलब्ध आहेत. शिकलेले सॉफ्टवेअर विद्यार्थ्याला घरीही विनामूल्य वापरता यावे, म्हणून मुक्त सॉफ्टवेअरवर भर आहे.

मराठी पाठ

पाठांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वन्यंकन झाले आहे. भाषांतर केवळ निवेदनाचे होते. पडद्यावरील मेनू व आज्ञा इंग्रजीच राहतात. नोकरीच्या ठिकाणी तोच इंग्रजी पडदा समोर येणार असल्याने हे सोयीचे ठरते. 'फाईल', 'सेव्ह', 'फोल्डर' यांसारखे रूढ शब्दही तसेच ठेवले जातात. पडद्यावर 'सेव्ह' आणि कानावर 'जतन करा' असे झाल्यास नवशिक्याचा गोंधळच उडेल. अनुवादकाची खरी कसोटी वेळेची असते. संहितेत प्रत्येक वाक्यासमोर वेळ नोंदलेली असते आणि मूळ चित्रण बदलत नाही. त्यामुळे माऊस ज्या क्षणी एखाद्या बटणावर पोहोचतो, त्याच क्षणी मराठी वाक्यही तेथे पोहोचावे लागते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने लांब वाक्ये तोडून लिहावी लागतात.

मर्यादा

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, की पडदा बदलतो आणि जुना पाठ जुळेनासा होतो. शिवाय साधन कसे वापरावे हे असा पाठ उत्तम शिकवतो; प्रोग्रॅमिंगमागील तर्क समजण्यास मात्र शंका विचारता येईल असा शिक्षक लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रकल्पाने प्रश्नोत्तरांची सोय केली असून, तेथे प्रश्न विचारताना पाठातील नेमके मिनिट व सेकंद नोंदवता येतात.